ताईच्या खोलीत फणसाचा वास

आमच्या धंद्यात वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. फळत्या झाडाला करवत लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, लाकूड कितीही सरळ असो, झाड देतंय तोवर ते झाडाचं, देणं थांबलं की मग सुताराचं. हा नियम मी साठ वर्षं पाळला. एकदाही मोडला नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं, आणि त्याचंच हे रामायण आहे.

आमच्या घराचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुढच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या. बाजूच्या तीन आमच्या, म्हणजे मी आणि बायको. मागे अंगण, अंगणापलीकडे माझा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन मशिनं आणि गुडघाभर भुसा. आणि अंगणात, ताईच्या मागच्या खोलीपासून चार पावलांवर, फणसाचं झाड. माझ्यापेक्षा थोरलं, ताईपेक्षा धाकटं.

या झाडाचं काहीच कधी वाया गेलं नाही. फणस कापा होता, गरे कुरकुरीत. एक फणस फोडला की हाताला तेल लावून सगळी गल्ली अंगणात बसायची. आठळ्या मी सरस गरम करायच्या शेगडीत भाजायचो. पानं शेजारच्या शेळ्या खायच्या. चीक वडील डब्यात धरून ठेवायचे, गळक्या बादलीला लावायला. एकदा वादळात मोठी फांदी पडली, तिचे वडिलांनी घराचे दरवाजे केले. नवे होते तेव्हा हळदीसारखे पिवळे, मग मधासारखे, आता विटेसारखे लाल झालेत. त्यांना मी आजवर रंगाचा हात लावलेला नाही. त्या फांदीचा भुसा आईने पाण्यात उकळला आणि घरातली सगळी जुनी फडकी पिवळी करून टाकली. वर्षभर आम्ही पिवळ्या फडक्यांनी नाकं पुसली.

मग तीन वर्षं झाडाला फणसच धरला नाही. पहिल्या वर्षी म्हटलं, हवा. दुसऱ्या वर्षी म्हटलं, दमलं असेल. तिसऱ्या वर्षी मी टेप घेऊन गेलो आणि बुंधा मोजला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा, बारा फूट सरळसोट, एक गाठ नाही.

कारण नेमकं त्याच वर्षी एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांच्या नव्या ऑफिसात मीटिंगसाठी टेबल हवं होतं, फणसाच्या लाकडाचं, अकरा फुटी, आणि वरची बाजू फक्त दोन फळ्यांची. असलं काम आता कोण सांगतं? सगळे भुशाच्या दाबलेल्या फळ्यांवर कागद चिकटवून घेतात आणि त्याला फर्निचर म्हणतात. माझे हात अजून चालतात, पण किती दिवस चालतील देव जाणे. मरायच्या आधी एक काम असं करावं की कुणीतरी हात फिरवून विचारावं, कुणी केलंय हो हे? एवढीच हाव होती. पण हाव ती हावच.

आता ताई. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. लोक म्हणायचे, तुझी ताई म्हणजे फणस, वरून काटे, आतून गरे. मला विचाराल तर आतही थोडे काटे होते. ती माझ्याशी प्रत्येक गोष्टीवरून भांडायची. चहात साखर किती, खिळा कुठे ठोकायचा, पेपरात काय छापलंय, कशावरूनही. आणि सांगायला लाज वाटते, पण बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं.

तिचं नाक तर दवाखान्यात प्रसिद्ध होतं. पट्टी न सोडता सांगायची, आत जखम चिघळलीय. तरुण डॉक्टर हसायचे, मग पट्टी सोडायचे आणि गप्प बसायचे. मोठे डॉक्टर तर राउंडला तिला पुढे घालायचे. ती निवृत्त झाली तेव्हा त्यांनी भाषणात तिच्या कामाबद्दल कमी आणि नाकाबद्दल जास्त सांगितलं, म्हणून ती महिनाभर रागावून होती.

उन्हाळा सरत आला होता. एक दिवस मी पॉलिश करत होतो आणि ताई कारखान्याच्या दारात येऊन म्हणाली, फणस पिकलाय, वास येतोय, कुठे आहे बघ. मी म्हटलं, ताई, तीन वर्षं झाली, झाडाला फणस नाही. ती म्हणाली, मग तसं झाडाला जाऊन सांग.

मी शिडी लावली. सांगितलेलं ऐकतो मी, अगदीच काही नतद्रष्ट नाही. फांद्या बघितल्या, बुंधा सगळीकडून बघितला, पानं बाजूला करून बघितलं. काही नाही. शेजारीपाजारी येऊन माना वर करून उभे राहिले. ज्याला विचारावं तो म्हणे, आम्हाला तर वास येत नाही बुवा. माझं नाक थिनर आणि पॉलिशने केव्हाच कामातून गेलंय, ते आता फक्त चष्मा टेकवायला आहे. बायकोला वर्षातले दहा महिने सर्दी. म्हणजे अख्ख्या घरात नाक म्हणावं असं एकच, आणि ते म्हणत होतं की फणस आहे.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, तू वास घेत बस, मला कामं आहेत.

आता खरं सांगायचं तर काळजी वाटावी असं थोडंफार झालंही होतं. वर्षभरात दोनदा तिच्याकडून दूध उतू गेलं होतं. एकदा गॅस उघडा राहिला होता. एकदा मी जिन्याखाली उभा होतो, तर मला बाबा समजून तिने विचारलं, पाणी देऊ का? लगेच भानावर येऊन हसली, पण मी हसलो नाही. बायको म्हणाली, अहो, वय झालंय, होतं असं. मी मात्र मनात एक एक गोष्ट जमवायला लागलो. आज कळतं की मी ती काळजीपोटी कमी आणि टेबलापोटी जास्त जमवत होतो. ताईचं डोकं ठिकाणावर असेल तर झाड फळलेलं होतं. झाड वांझ असायचं असेल तर ताईचं डोकं जायला हवं होतं. इतका साधा हिशेब. पण माणूस स्वतःशी इतकं साधं कधी बोलत नाही.

मग ती दुपार आली. मी जेवून कारखान्यात गेलो, तर वडिलांची पटाशी जागेवर नाही. ती पटाशी मी बायकोलाही हात लावू देत नाही, धार अशी की केस कापावा. शोधत शोधत ताईच्या खोलीत गेलो. ताई मागच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून बसली होती, फरशीच्या दोन लाद्या उचकटलेल्या, पदर मातीने माखलेला, आणि हातात ती पटाशी. चांगला हातभर खड्डा खणला होता. पटाशीची धार दगडावर आपटून दातेरी झालेली.

मला वाटतं, ती पटाशी नसती तर मी ओरडलो नसतो. छे, ओरडलोच असतो. ताई वर न बघता म्हणाली, इथून येतोय रे, इथे खाली आहे, जरा कुदळ आण. फणस जमिनीखाली? मी तिच्या हातातली पटाशी काढून घेतली, तिला दंडाला धरून उठवलं, पुढच्या खोलीत बसवलं. आणि त्याच दिवशी खड्डा बुजवून, सिमेंट कालवून दोन्ही लाद्या परत बसवल्या. काम चोख केलं. लेव्हल लावून बघितली.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. मी सगळं सांगितलं, दूध, गॅस, बाबा, फरशी. नसलेला वास येतो हेही सांगितलं. ते म्हणाले, कधी कधी मेंदूच्या त्रासात असं होतं, तपासण्या करू, तोवर गोळ्या देतो, आणि त्यांना एकटं ठेवू नका. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. फक्त या बाईचं नाक चाळीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही, हे सांगितलं नाही. आणि फणसाच्या टेबलाची ऑर्डर माझ्या खिशात आहे, हेही नाही. ताई मात्र डॉक्टरांशी भांडली, गोळ्यांचं नाव वाचून त्यावरून भांडली, तपासणीच्या कागदावरून भांडली. ते मुकाट ऐकत होते आणि माझ्याकडे बघून मान हलवत होते, जणू माझंच म्हणणं सिद्ध होत होतं.

एकटं ठेवू नका, एवढंच ते म्हणाले होते. वृद्धाश्रमाचा विषय मी काढला. बायको दिवसभर कामावर, मी मशिनवर, मग कोण बघणार? शहराच्या दुसऱ्या टोकाला एक होता, स्वच्छ, हवेशीर, माणसं चांगली. ताईला सांगितलं, थोडे दिवस राहा, बरं वाटलं की येशील.

निघायच्या सकाळी ती बॅग भरून खाटेवर बसली होती. म्हणाली, "मी जाते. पण माझ्यामागे झाडाला हात लावू नकोस. ते फळलंय."

मी बॅग उचलली. रिक्षा दारात उभी होती. मी म्हटलं, "ताई, झाड वांझ झालंय आणि तुझं डोकं ठिकाणावर नाही. आता तरी मान्य कर."

तिने अगदी हळू विचारलं, "तुला खरंच तसं वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर ती भांडली नाही. रिक्षात नाही, तिथे कागदांवर सही करताना नाही, निरोप घेतानाही नाही. मला वाटलं, चला, सुटलो. डॉक्टरांचं तिने ऐकलं नव्हतं, गोळ्यांनाही दाद दिली नव्हती. माझं ऐकलं. भांडायची माझ्याशी, पण शेवटी शब्द माझा मानला, कारण मी तिचा धाकटा भाऊ, तिने मांडीवर खेळवलेला, मी तिच्याशी कशाला खोटं बोलेन?

आठवड्याने झाड पाडलं. माणसं आली, फांद्या उतरवल्या, मग बुंधा. पडताना सगळं अंगण हललं. कापलेल्या तोंडावर चीक गळत होता आणि लाकूड इतकं पिवळं होतं की मी हात ठेवून नुसता उभा राहिलो. बुंधा ट्रॉलीवर चढवून गिरणीत पाठवला. त्या दिवशी मी खूश होतो, हेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी खुंट काढायला मशीनवाला आला. शेड अंगणात वाढवायची होती, म्हणून मुळासकट काढायचं ठरवलं होतं. एक जाड मूळ सरळ ताईच्या खोलीखाली गेलं होतं. मशीनवाल्याने मशीनचे दात घालून ते ओढलं तशी आतली फरशी फुगली, आणि मी बसवलेल्या दोन लाद्या, अगदी त्याच दोन, तडकून वर आल्या. तो मशीन थांबवून उतरला. म्हणाला, मिस्त्री, काहीतरी पिकलंय हो इथे.

आम्ही आत गेलो. लाद्या बाजूला केल्या, माती उपसली. ताईने जिथे खणणं थांबवलं, म्हणजे मी तिला थांबवलं, त्याच्या खाली एक वीत. मुळाला तीन फणस. एक सडून काळा झालेला, एक उशीएवढा, पिकून फुटलेला, आतले गरे मातीत पिवळे दिसत होते, आणि एक कोवळा, मुठीएवढा. थिनरने मेलेल्या माझ्या नाकालासुद्धा तो वास आला. मशीनवाला फणसांच्या गावचा असावा. म्हणाला, म्हाताऱ्या झाडाचं असंच असतं, आधी फांदीला, मग बुंध्याला, शेवटी शेवटी मुळाला धरतो. जमिनीला भेग पडते, वास सुटतो, तेव्हा कळतं. तुम्ही सुतार ना, तुम्हाला माहीत नव्हतं?

नव्हतं माहीत. साठ वर्षं लाकडात घालवली आणि बुंध्याच्या खाली कधी बघितलं नाही, कारण तिथे फळी निघत नाही. सगळी गल्ली माना वर करून उभी होती आणि एकटी ताई जमिनीकडे बघत होती.

मी मातीतच बसून राहिलो. बायको कामावरून आली, दारात उभी राहून तिने सगळं बघितलं. मग म्हणाली, ताई गेल्यावर मी खोली झाडायला उघडली होती, तेव्हा मलाही एकदा वास आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं? मलाही डॉक्टरकडे नेलं असतंत."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं त्या रात्रीपर्यंत मी शहाणा झालो होतो. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, टेबल होणार नाही, दुसरा मिस्त्री बघा. ते चिडले. चिडू देत. फळ्या गिरणीत पडून आहेत, पडू देत. त्याने काय झाड उभं राहणार होतं?

सकाळी तो फुटलेला फणस मी स्वच्छ पुसला, चांगले गरे निघणारा अर्धा भाग कापून पिशवीत घातला, तेलाची बाटली आणि सुरी घेतली आणि वृद्धाश्रमात गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. ताई, तुझंच बरोबर होतं. ताई, मी गाढव आहे. ती काय काय बोलेल तेही मनात ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायचं होतं. तिने चारचौघांत माझी चामडी लोळवावी, मग पदराने हात पुसून म्हणावं, चल घरी.

ताई जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. आठ-दहा दिवसांत इतकी लहान कशी झाली, कळेना. मी टेबलावर पेपर पसरून फणस ठेवला, तेव्हाच आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांनी माना वळवल्या. एक आजोबा काठी टेकत आले, म्हणाले, वा, कापा दिसतोय. दोघी-तिघी खुर्च्या ओढून जवळ आल्या. तिथली नर्स दारातून म्हणाली, काय घमघमाट सुटलाय.

मी ताईला सगळं सांगितलं. झाड पाडलं तेही सांगितलं, मूळ, लाद्या, तीन फणस, एक वीत. काही गाळलं नाही. ती ऐकत होती, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. झाड पाडलं म्हटल्यावर तिने फक्त एकदा डोळे मिटले. मी हाताला तेल लावून एक गरा सोडवला, आठळी काढली आणि तिच्यासमोर धरला.

"ताई, तुझंच खरं होतं. वास खराच होता. बघ, येतोय ना?"

ताईने गऱ्याकडे बघितलं. मग दारातल्या नर्सकडे बघितलं, मग त्या आजोबांकडे, ते आधीच दोन गरे खाऊन तिसऱ्याला हात घालत होते. सगळ्यांचे चेहरे ती वाचत होती, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावावं तशी. पट्टी न सोडता जखम ओळखणारी माझी बहीण.

"तू म्हणतोस तर येत असेल," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी म्हणतो म्हणून नको ग, तू सांग. तुझ्या नाकाला काय वाटतं ते सांग. ती समजुतीने हसली, म्हणाली की इथे आल्यापासून ती तसलं काही मनावर घेत नाही. काही वास आला तर आधी नर्सबाईंना विचारते. त्या नाही म्हणाल्या की नसतो. असं बरं पडतं, कुणाला त्रास होत नाही.

मी म्हटलं, घरी चल. तिने विचारलं, डॉक्टर चालेल म्हणाले का? मी म्हटलं, डॉक्टर गेले खड्ड्यात, मी सांगतोय. ती म्हणाली, असं बोलू नये, ते शिकलेले आहेत.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तेलकट हातांनीच मी तिचे हात धरले. "ताई, मी तुझं वाटोळं केलं. मला शिव्या दे. दोन थोबाडीत दे. काहीतरी बोल."

तिने माझ्या हाताखालून आपले हात सोडवले आणि पदराच्या टोकाने माझी बोटं एक एक करून पुसायला लागली.

"कशाला रे?" ती म्हणाली. "तू तर एवढ्या लांबून आलास. चहा घेऊन जा."